सोयाबीन बियाण्यासाठी मळताना दाणा फुटतो : ड्रमचे फेरे नेमके कसे उतरवायचे?

काळीमाती

बियाण्यासाठी राखलेलं सोयाबीन थ्रेशरमधून काढलं की दोन तक्रारी येतात. एक, मालात डाळ, म्हणजे दोन फाकांत फुटलेला दाणा, दिसते. दुसरी जास्त जिव्हारी लागणारी : वरून अगदी धड, गोल दिसणारा दाणासुद्धा पेरल्यावर उगवत नाही. कृषी विद्यापीठांच्या पत्रकांत "फेरे कमी ठेवा" एवढं असतं, पण कमी म्हणजे किती आणि ते कमी कुठून करायचे, हे कुणी सांगत नाही. बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरचा ॲक्सिलेटर खाली घेतात आणि मग मालात भुसा येतो.

माझ्या यंत्राची मापं देतो, हिशेब त्यावरच करू.

खिळ्यांचा ड्रम, खिळ्यांच्या टोकापर्यंत व्यास ६० सेंमी. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा यंत्राला ताकद देणारा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर. मुख्य शाफ्टवर १० इंची पुली, ड्रमवर ८ इंची, सी सेक्शनचे (जाड मापाचे, बी त्याहून बारीक) दोन बेल्ट, दोन शाफ्टमधलं अंतर ३० इंच. ड्रमच्या दुसऱ्या टोकाला ९ इंची पुली, तिच्यावरून बी सेक्शनचा बेल्ट पंख्याच्या ९ इंची पुलीवर. चाळणीचा एक्सेंट्रिक (तिला झोके देणारं चाक) पंख्याच्या शाफ्टवरून चालतो.

दोष कशाचा धरायचा : वेगाचा, ओलाव्याचा, ड्रमखालच्या जाळीच्या अंतराचा की वाणाचा?

पुलीवाला

आधी आज ड्रम किती फिरतोय ते बघा. ५४० गुणिले १० भागिले ८, म्हणजे ६७५ फेरे. सोयाबीनच्या बियाण्यासाठी हा वेग फार झाला. या वेगात गहू छान निघेल, सोयाबीनचा मात्र चुरा होईल.

दाणेदार

ओलावा आधी, वेग नंतर. नऊ-दहा टक्क्यांवर वाळून कडक झालेलं सोयाबीन ४०० फेऱ्यांवरही फुटतं. राज्यात जी शिफारस सांगतात तीही दोन्ही मिळूनच आहे : दाण्यात १४ टक्के ओलावा असेल तर ४०० ते ५०० फेरे, १३ टक्के असेल तर ३०० ते ४००. माल जितका वाळलेला, तितका मार हलका. लोक यातला फक्त फेऱ्यांचा आकडा लक्षात ठेवतात.

तिफण

दाणेदार, हे बरोबर, पण १३-१४ टक्के कळणार कसा? दाताखाली धरून बघायची पद्धत १३ आणि १० यांत फरक दाखवत नाही.

दाणेदार

ओलावा मापक लागतोच. आणि तो सोयाबीनच्या खुणेवर लावलेला हवा, गव्हाच्या खुणेवर घेतलेलं वाचन कामाचं नाही. खात्री करायची तर प्रयोगशाळेत १०३ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये १७ तास ठेवून वजनातली घट काढतात, आपल्या मापकाचं वाचन वर्षातून एकदा तरी त्याच्याशी ताडून घ्यावं.

नमुना कुठून घेता यालाही तितकंच महत्त्व आहे. सुडीच्या (कापून रचलेल्या ढिगाच्या) वरच्या थराच्या शेंगा उन्हाने कोरड्या असतात, पोटातल्या ओलसर. वरून, मधून आणि तळातून शेंगा काढून हाताने सोला, दाणे एकत्र करून मग मापा. दव पडतं त्या दिवसांत सकाळचं आणि दुपारचं वाचन सारखं येत नाही. मळणी दिवसभर चालणार असेल तर दुपारी पुन्हा मापणं भाग आहे. तिन्ही थरांत फरक खूप असेल तर सुडी मोडून पसरा आणि एकसारखी होऊ द्या, कारण एकाच घासात, म्हणजे यंत्रात एका वेळी घातलेल्या मालात, ओलं आणि कोरडं आलं तर यंत्र कोणत्याच मापावर नीट बसत नाही.

बीजपारखी

धाग्यातला मूळ प्रश्न "धड दिसणारा दाणा का उगवत नाही" हा आहे, त्याचं उत्तर दाण्याच्या रचनेत आहे. सोयाबीनचं साल पातळ असतं आणि अंकुराचा मुळाकडचा भाग दोन डाळींच्या कडेला, सालाच्या अगदी लगत बसलेला असतो. दाण्याच्या डोळ्याच्या (शेंगेला चिकटल्याच्या खुणेच्या) खालच्या बाजूला जो किंचित उंचवटा दिसतो, तोच. हरभऱ्याला निदान जाड सालाचा आधार असतो, इथे तोही नाही. खिळ्याचा मार डाळीवर बसला तर दाणा कदाचित तग धरेल. तोच मार त्या उंचवट्यावर बसला तर दाणा गोलच राहतो, पण मूळ मेलेलं असतं.

कोरड्या दाण्याला तडा जातो, तो निदान दिसतो. १८ टक्क्यांच्या वरचा ओला दाणा फुटत नाही, ठेचतो. वरून काहीच दिसत नाही आणि साठवणीत त्याची उगवण उतरत जाते. म्हणून "डाळ कमी आली म्हणजे मळणी चांगली झाली" हा निकष बियाण्याला लावू नये.

यंत्रशोधक

बीजपारखी ताईंच्या मुद्द्याला यंत्राच्या बाजूने जोड देतो. दाण्याला फेरे कळत नाहीत, खिळ्याच्या टोकाचा वेग कळतो. तो असा काढायचा : ३.१४ गुणिले व्यास मीटरमध्ये गुणिले फेरे, भागिले ६०.

काळीमाती यांच्या यंत्रात ६० सेंमी व्यास आणि ६७५ फेरे म्हणजे सेकंदाला २१.२ मीटर. ४०० फेऱ्यांवर तोच १२.६ मीटर. माराची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ६७५ आणि ४०० यांतला फरक पावणेदोन पटींचा वाटला तरी दाण्यावरचा मार जवळजवळ २.८५ पट आहे.

आता हाच ४०० चा आकडा ७५ सेंमीच्या ड्रमला लावा, टोकाचा वेग १५.७ मीटर होतो. मोठ्या ड्रमच्या यंत्रात १२.६ मीटर हवा असेल तर फेरे ३२० वर आणावे लागतील. "४०० वर ठेवलं तरी फुटतं" अशी तक्रार येते तेव्हा पहिला प्रश्न ड्रमच्या व्यासाचा विचारावा. यंत्राच्या पाटीवर फेरे लिहिण्याऐवजी टोकाचा वेग लिहायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आरपीएम

+१. आणि फेरे मापायचे ते ड्रमच्या शाफ्टच्या टोकावर, टॅकोमीटरने (फेरे मोजायच्या मापकाने). ट्रॅक्टरच्या डायलवर विसंबू नये, बेल्ट घसरत असेल तर डायलला त्याचा पत्ताच नसतो. एकदा रिकाम्या यंत्रावर आणि एकदा घास चालू असताना मापा. दोन्हींत मोठा फरक आला तर बेल्ट सैल आहे किंवा ट्रॅक्टर कमी पडतोय.

काळीमाती

टोकाच्या वेगाचा मुद्दा पटला. मग पीटीओच उतरवला तर? ड्रम ४०० च्या खाली आणायला पीटीओ साधारण ३१० वर न्यावा लागेल. फुकटात होतं.

पुलीवाला

नका करू. सगळा घोटाळा इथेच होतो.

तुमच्या यंत्रात पंखा ड्रमकडून फिरतो आणि चाळणी पंख्याकडून. पीटीओ ५४० वरून ३१० वर आणला की तिघेही ५७ टक्क्यांवर येतात. पंख्याची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात घटते, पण दाब फेऱ्यांच्या वर्गाने घटतो, म्हणजे दाब एक तृतीयांश उरला. शेंगांची टरफलं दाण्याबरोबर खाली येणार. चाळणीचे झोके मंदावले की माल चाळणीवर साचतो, थर जाड होतो आणि उरलीसुरली हवा त्या थरातून वर येत नाही. मग माणूस काय करतो? भुसा आला म्हणून पुन्हा ॲक्सिलेटर वर घेतो. डाळ आली की खाली, भुसा आला की वर, असं दिवसभर.

शिवाय इंजिन कमी फेऱ्यांवर पुरेशी ताकद देत नाही. मोठा घास आला की दम तोडतं.

ड्रमचा वेग पुलीने उतरवा आणि पंख्याचा वेग पुलीनेच परत जागेवर आणा. पीटीओ ५४० वरच.

काळीमाती

म्हणजे मुख्य शाफ्टवरची १० इंची काढून ६ इंची लावायची? ५४० गुणिले ६ भागिले ८, ४०५ येतात.

पुलीवाला

आकडा बरोबर, पुली चूक. तुमचे बेल्ट सी सेक्शनचे आहेत. सी बेल्टला ८ इंचांपेक्षा लहान पुली देऊ नये, बी बेल्टला ५ इंचांपेक्षा. लहान पुलीवर जाड बेल्ट जबरदस्तीने वाकतो, आतून तापतो, चिरा पडतात आणि घसरतो. मळणीच्या ऐन गर्दीत बेल्ट तुटला तर दिवस गेला.

चालवणारी लहान न करता चालणारी मोठी करा. ४०० फेऱ्यांसाठी ड्रमवर साडेतेरा इंची लागेल. १४ इंची बसवली तर ५४० गुणिले १० भागिले १४, ३८६ फेरे. टोकाचा वेग १२.१ मीटर. १३ टक्के ओलाव्याच्या मालाला हा ठीक बसतो.

बेल्टची लांबी : शाफ्टमधलं अंतर दुप्पट म्हणजे ६०, त्यात दोन्ही पुलींच्या व्यासांची बेरीज २४ गुणिले १.५७ म्हणजे ३७.७, वर किरकोळ ०.१. एकूण ९७.८ इंच. ही पुलीच्या खाचेतल्या मधल्या रेषेवरची लांबी. बेल्टच्या पाठीवर छापलेला आकडा आतल्या लांबीचा असतो, सी सेक्शनला तो साधारण सव्वादोन इंचांनी कमी. म्हणजे सी-९६ मागा. सध्या तुमच्याकडे सी-८६ असावा, बघून घ्या.

काळीमाती

सी-८६ च आहे. आता पंख्याचं?

पुलीवाला

ड्रम ३८६ वर आला, पंखा आधीसारखा ६७५ च्या आसपास हवा. ड्रमकडची ९ इंची काढून १२ इंची, पंख्यावरची ९ काढून ७ इंची : ३८६ गुणिले १२ भागिले ७, ६६१. बी बेल्टला ७ इंच चालतात. व्यासांची बेरीज १८ वरून १९ होते, त्यामुळे बेल्ट दीड-दोन इंच लांब लागेल. ताणपट्टीत तेवढी जागा असेल तर जुनाही बसू शकेल. चाळणी पंख्यावरूनच असल्याने ती आपोआप जागेवर येते.

गहू मळायचा तेव्हा जुन्या पुली परत चढवायच्या. म्हणून टेपर बुशच्या (निमुळत्या बुशवर बसणाऱ्या, सहज निघणाऱ्या) पुली घ्या, चावीवर ठोकून बसवलेली पुली दर हंगामाला काढताना शाफ्ट खराब होतो.

हलधर

हिशेब सुरेख आहे, पण एका गोष्टीकडे कुणी बघितलं नाही. ड्रममध्ये साठलेली फिरती ऊर्जाही वेगाच्या वर्गानेच घटते. ६७५ वरून ३८६ म्हणजे साठा एक तृतीयांशाच्या खाली. आधी मोठी पेंढी आली तर ड्रम स्वतःच्या जोरावर ती फोडून काढत होता. आता तीच पेंढी ड्रम जाम करेल. कमी फेऱ्यांच्या शिफारशीवर लोक का टिकत नाहीत, याचं हे खरं कारण आहे : यंत्र अडतं, माणसं वैतागतात आणि जुनी पुली परत येते.

यंत्रशोधक

हलधर यांचा आक्षेप योग्य आहे. उपाय दोन. ड्रमच्या शाफ्टवर जड चाक असेल तर ते काढू नका. नसेल तर १४ इंची पुली बिडाची घ्या, पत्र्याची नको, तिचं वजन थोडं कामी येतं. दुसरा उपाय घास देण्याचा. पेंढी अख्खी टाकू नये, मोकळी करून पातळ आणि सलग द्यावी.

"कमी घास म्हणजे दाणा सुरक्षित" असंही मात्र नाही. ड्रममध्ये काड पुरेसं असलं की दाण्याभोवती गादी राहते. घास तुटक दिला की सुटा दाणा खिळा आणि जाळी यांच्यामध्ये टोलवला जातो, एकाच दाण्याला पाच-सहा मार बसतात. शेवटच्या पेंढीनंतर यंत्र रिकामं फिरत असताना जो माल पडतो त्यात डाळ जास्त दिसते, ती यामुळेच. तो शेवटचा माल बियाण्याच्या पोत्यात मिसळू नका.

तिफण

यापेक्षा खिळ्यांवर रबर चढवलं तर? वेग न बदलता मार मऊ होईल.

हलधर

मऊ होतो, पण काडाशी घासून रबर झिजतं आणि एका बाजूने झिजलं की ड्रमचा तोल जातो. सुटलेले तुकडे मालात येतात ते वेगळंच. रबर वेगाची जागा घेत नाही.

खिळ्यांकडे बघायचंच असेल तर आधी त्यांच्या कडा बघा. चौकोनी पट्टीचा खिळा असेल तर पुढची धार कानशीने गोल करा. वेल्डिंगचे मणी राहिलेले असतात, तेही घासून काढा. दाणा तिथेच चिरतो. खिळे फार दाट असतील तर काही काढता येतात, पण समोरासमोरची जोडी काढायची. एका बाजूचेच काढले तर ड्रम थरथरतो आणि बेअरिंग जातं.

दाणेदार

जाळीचं अंतर राहिलंच. खिळ्याच्या टोकापासून जाळीपर्यंत सोयाबीनला २५ मिमीपासून सुरुवात करा, बियाण्याला २० च्या खाली आणू नका. मापायला २५ मिमी जाडीचा लाकडी ठोकळा घ्या आणि ड्रम हाताने फिरवत दोन्ही टोकांना आणि मध्ये सरकवून बघा. जाळीच्या सळ्या वाकलेल्या असतात, एका टोकाला ३० तर दुसऱ्याला १५ सापडतं. डाळ येत असते ती त्या १५ वाल्या टोकाची आणि दोष जातो सगळ्या यंत्राला.

जाळीची भोकं काडाने बुजली तरी हेच होतं. दाणा सुटलेला असतो, पण खाली पडायला वाट नसते, म्हणून ड्रममध्येच घोळत मार खात राहतो. ओलसर काड असेल तर तासा-दोन तासांनी यंत्र थांबवून जाळी बघणं भाग आहे. पीटीओ सोडवून, नुसता क्लच दाबून नव्हे.

बीजपारखी

अंतर वाढवल्यावर काही शेंगा न फुटता बाहेर जातील. त्या पाहून घाबरून अंतर कमी करू नका. काडाच्या तोंडाशी जमा झालेल्या शेंगा वेगळ्या करून शेवटी परत घाला, फक्त शेंगा, सुटे दाणे अजिबात नाहीत. तो माल खाण्याला किंवा विक्रीला. थोड्या शेंगांसाठी सगळ्या बियाण्याची उगवण घालवण्यात अर्थ नाही.

रानपाखरू

वाणाचं कुणीच बोललं नाही. जेएस-३३५ आणि फुले संगम एकाच मापावर मळले तर मोठ्या दाण्याचा फुले संगम जास्त मार खाणार ना?

बीजपारखी

हो. टपोरा दाणा जड, त्यामुळे त्याला बसणारा धक्काही मोठा, आणि दाणा मोठा म्हणून खिळा आणि जाळीतली मोकळी जागा त्याच्यासाठी कमी. टपोऱ्या वाणाला वेग शिफारशीच्या खालच्या टोकाला आणि अंतर वरच्या टोकाला ठेवा. सालाची ताकदही वाणागणिक बदलते, सालात लिग्निन (साल कडक करणारा घटक) जास्त असलेले वाण मार जास्त सोसतात.

पण वाणावर खापर फोडण्याआधी एक चाचणी करा. कपडे पांढरे करायचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण साधारण ५ टक्क्यांचं मिळतं. बाटलीवरचा टक्का वाचा, जुनी बाटली घेऊ नका. त्यातलं २० मिली घेऊन पाण्याने एक लिटर करा, म्हणजे ०.१ टक्का झालं. शंभर दाणे मोजून त्यात १० मिनिटं ठेवा. ज्यांच्या सालाला तडा आहे ते दाणे पाणी ओढून दुप्पट-तिप्पट फुगतात, धड दाणे तसेच राहतात. फुगलेले मोजा, तोच टक्का. दहाच्या वर गेला तर यंत्र थांबवून मापं बदलायची.

खरी मेख नमुन्यांत आहे. तीन नमुने घ्या : सुडीतल्या शेंगा हाताने सोलून, जाळीच्या खालून आणि पोत्याच्या तोंडातून. हाताने सोललेल्यातच दाणे फुगत असतील तर दोष मळणीचा नाही, शेंगा पक्व झाल्यावर पावसात भिजून पुन्हा वाळल्या आहेत. जाळीखाली आकडा उडी मारत असेल तर ड्रम बघा. जाळीखाली ठीक आणि पोत्यात वाईट असेल तर मधला एलिव्हेटर (दाणे वर नेणारा बादल्यांचा पट्टा) किंवा ऑगर (दाणे पुढे ढकलणारा नळीतला स्क्रू) दाणे खातोय.

काळीमाती

ही तीन नमुन्यांची युक्ती फार मोलाची आहे. ड्रमवर खर्च करण्याआधी हेच करायला हवं.

आरपीएम

ऑगरबद्दल : स्क्रू अर्धा रिकामा आणि वेगात फिरत असेल तर पात्याची कड आणि नळी यांच्या फटीत दाणा चिरडतो. ऑगर भरलेला आणि मंद चालवा. बकेट एलिव्हेटरच्या पट्ट्यावरही हेच, आणि बूटमध्ये, म्हणजे त्याच्या तळाच्या पेटीत, माल साचू देऊ नका, बादल्या त्यातून नांगरत जातात. मार साचत जातो, ड्रमचा थोडा, ऑगरचा थोडा, पोतं आपटल्याचा थोडा. ट्रॉलीतून पोती खाली फेकणं बियाण्याच्या बाबतीत बंदच हवं.

रानपाखरू

या सगळ्यापेक्षा हार्वेस्टरने का काढू नये? कापणी आणि मळणी एकदम.

यंत्रशोधक

अक्षीय प्रवाहाचा रोटर असलेला हार्वेस्टर बियाण्याला वाईट नाही. त्यात माल रोटरभोवती मळसूत्री फिरत जातो आणि दाणा माराऐवजी बराचसा घासून सुटतो. अक्षीय प्रवाहाचं लहान मळणी यंत्र फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात पुढे आलं. आपल्याकडे भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने, जी १९७६ मध्ये सुरू झाली, बहुपीक मळणी यंत्रांवर काम केलं. बहुपीक यंत्राचा गाभाच हा की ड्रमचा वेग, जाळीचं अंतर आणि हवा तिन्ही स्वतंत्रपणे बदलता यावीत. पुलीवाला जे पुली बदलून करायला सांगताहेत, ते मुळात यंत्रातच असायला हवं.

हार्वेस्टरची अडचण दुसरीकडे आहे. खालच्या शेंगा जमिनीलगत असतात, कटरबार वर राहिला की त्या शेतात राहतात, खाली घेतला की माती आणि खडे आत येतात. आणि वाणांची भेसळ : इतक्या कोपऱ्यांचं यंत्र पूर्ण साफ करणं कठीण.

दाणेदार

भेसळ थ्रेशरमध्येही होते. वाण बदलताना यंत्र पाच मिनिटं रिकामं चालवा, मग बंद करून जाळी, चाळण्या, एलिव्हेटरचा बूट उघडून झाडा आणि पहिलं पोतं बियाण्यात धरू नका.

हलधर

पुली बदलण्याआधी एक बाब, आणि ही हसण्यावारी नेऊ नका. ड्रमवर ८ ची जागा १४ इंची पुली घेणार म्हणजे बेल्टवरचं जाळीचं आवरण बसणार नाही. लोक ते काढून कोपऱ्यात ठेवतात आणि मग धोतर, ओढणी, साडीचा पदर त्या बेल्टमध्ये जातो. आवरण नव्या मापाचं करून घेतल्याशिवाय यंत्र चालू करू नका. पॉवर थ्रेशर १९८३ च्या धोकादायक यंत्रे नियमन कायद्याखाली येतं ते उगाच नाही.

घास द्यायचं तोंडही मापून बघा. भारतीय मानकाप्रमाणे चाड्याची (घास सरकवायच्या पन्हळीची) लांबी किमान ९०० मिमी आणि ड्रमकडचा ४५० मिमी भाग वरून झाकलेला हवा, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. वेग कमी झाला, ड्रम अडू लागला की माणूस हाताने ढकलायला जातो. मी सांगतो : ढकलायचं ते लाकडी दांड्याने, आणि तेही तोंडाबाहेरूनच.

तिफण

+१०० हलधर. हे धाग्याच्या वर चिकटवायला हवं.

रानपाखरू

मळून झाल्यावर ओलावा १४ टक्के असतो, तेवढ्यावर साठवलं तर बुरशी लागेल. वाळवायचं कसं? डांबरी रस्त्यावर पसरतात ते चालेल?

बीजपारखी

रस्ता नको, तिथे दाणा तापतो आणि चाकाखालीही येतो. ताडपत्रीवर पातळ थर, सकाळचं आणि उतरतं ऊन, भर दुपारी सावलीत. लाकडी दाताळ्याने हलवा, लोखंडी फावड्याने नको. ड्रायर असेल तर दाण्याचं तापमान ४३ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, आणि हवेची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली गेली की साल तडकतं. म्हणजे हवा जितकी गरम आणि कोरडी तितकं लवकर वाळेल, हा हिशेब सोयाबीनच्या बियाण्याला लागू नाही. प्रमाणित बियाण्याला साध्या पोत्यात १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, उगवण किमान ७० टक्के लागते.

उगवण घरी मोजताना निदान ३०० दाणे घ्या, शंभर-शंभरच्या तीन रांगा, ओल्या वाळूत, आठ दिवस. ओल्या पोत्यात पाणी फार झालं तर तडा गेलेला दाणा पाणी पिऊन कुजतो आणि आकडा खरा येत नाही. ७० च्या खाली आली आणि बियाणं तेवढंच असेल तर प्रमाण वाढवा : ७० टक्क्यांना हेक्टरी ७५ किलो धरलं तर ६५ टक्क्यांना ८१ किलो.

पुलीवाला

काळीमाती, तुमचा पहिला प्रश्न दोष कशाचा धरायचा, वेगाचा की ओलाव्याचा. माझं मत : तुमच्या यंत्रात वेगाचाच. ६७५ वर कुठलाही ओलावा बियाणं वाचवणार नाही. १४ टक्क्यांवर डाळ कमी दिसेल, पण बीजपारखी म्हणतात तो आतला मार तसाच राहील.

दाणेदार

ते मान्य. ३८६ वर आल्यावर मात्र रोजचा फरक ओलावाच पाडणार, पुली रोज बदलता येत नाही. १५ टक्क्यांचा माल आला तर थांबा, १३ वर येऊ द्या. ११ च्या खाली गेला असेल तर पहाटेच्या दवात सुडी थोडी उघडी ठेवून सकाळी लवकर मळा, आणि मळण्याआधी पुन्हा मापा.

काळीमाती

ठरलं. आधी तीन नमुने ब्लीचच्या पाण्यात, मग लाकडी ठोकळ्याने जाळी, मग पुली आणि आवरण एकत्र. शेवटचं एक : सी-९६ चे दोन बेल्ट किती ताणायचे? नवीन बेल्ट फार ताणला की बेअरिंग तापतं असं ऐकलंय.

पुलीवाला

बरोबर ऐकलंय. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबा : ३० इंची अंतराला साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. दोन्ही बेल्ट एकाच जोडीचे घ्या, एक जुना आणि एक नवा लावला तर सगळा भार नव्यावर येतो. दोन्ही पुलींच्या तोंडावर दोरी ताणून रेष जुळवा, पाव इंच जरी सरकलेली असली तरी बेल्ट कडेने खातो. पहिले तीन-चार तास चालल्यावर बेल्ट बसतो आणि ढिला होतो, तेव्हा पुन्हा ताणा आणि ड्रमच्या टोकावर टॅकोमीटर लावा. घास चालू असताना ३७० च्या खाली दिसलं तर अजून घसरतोय.

आरपीएम

आणि पंख्याचेही त्याच वेळी मापा. ६६१ च्या जवळ असले पाहिजेत. तिथे कमी आले तर भुसा येईल आणि कुणीतरी पुन्हा ॲक्सिलेटरला हात घालेल.